विस्तव न्हाणीघराच्या बाहेर हवा

बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवायला नाशिकमध्ये मनाई असायला हवी. ही मनाई बसवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि घर भाड्याने देणाऱ्यावर असावी. अंघोळीला गेलेल्या माणसावर नको. थंडी पडली की बाथरूममध्ये कोणीतरी बेशुद्ध सापडल्याची बातमी येते, तिच्याखाली ‘काय काळजी घ्याल’ अशी चौकट छापली जाते आणि पुढच्या थंडीपर्यंत विषय मिटतो. आपल्या शहरातही असे जीव गेले आहेत. चौकटीतला सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण ज्या यंत्राची जागाच चुकली आहे ते यंत्र जपून वापरा, असे सांगून माणसे वाचत नाहीत. हे मी भीतीपोटी म्हणत नाही. त्याचा साधा हिशेब मांडता येतो.

सहा लिटरचा इन्स्टंट गॅस गिझर पूर्ण चालू असताना तासाला साधारण १ किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा बर्नर तासाला दीडदोनशे ग्रॅम जाळतो. म्हणजे भिंतीवरच्या त्या छोट्या पांढऱ्या डब्यात पाच-सहा बर्नर एकदम पेटलेले असतात. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आता आपले बाथरूम घ्या. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात मावणारी हवा साडेपाच घनमीटरसुद्धा भरत नाही. दार लावून, खिडकी बुजवून गिझर चालवला तर अर्ध्या तासात तो खोलीत आहे तेवढी सगळी हवा मागतो. पण संकट त्याच्या खूप आधी सुरू होते. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८-१९ टक्क्यांकडे उतरला की ज्योत बिघडायला लागते, आणि अगदी बंद खोलीत तिथवर यायला चार-पाच मिनिटे पुरतात. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते म्हणून रोज अनर्थ होत नाही, एवढेच.

ज्योत बिघडली म्हणजे गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. एलपीजीला उग्र वास असतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. त्यामुळे आपल्या घराघरांत एक पक्की समजूत बसली आहे की गॅसचा धोका नाकाला कळतो. पण जळून गेलेल्या गॅसला तो वास उरत नाही. बाथरूममध्ये वास नाही म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते, आणि त्याच वेळी रक्तात विष भिनत असते. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो. फुप्फुसात हवा जाते, रक्त फिरत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतली ताकद जाते. आपल्याला काहीतरी होते आहे हे कळण्याची शक्तीच मेंदूतून आधी जाते, म्हणून आतली कडी काढायला हात वर होत नाही.

अंघोळीचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. पहिला माणूस अंघोळ करून येतो तेव्हा हवा बरी असते. दुसरा जातो तेव्हा ती थोडी खराब झालेली असते. तिसरा-चौथा जातो तो वापरलेल्या हवेत. आपल्याकडे घरातली बाई पुष्कळदा सगळ्यांत शेवटी अंघोळ करते, आणि केस धुवायचे असतील तर तिला वेळही जास्त लागतो. नरकचतुर्दशीची पहाट आठवा. उजाडायच्या आत सगळ्यांचे अभ्यंग उरकायचे असते, बाहेर गारठा असतो, एकामागून एक माणसे आत-बाहेर करतात आणि गिझर मधे विसावतच नाही. काही गिझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती सलग चालण्यावर मोजते. नळ बंद करून पुन्हा चालू केला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते, आणि खोलीतली हवा मात्र आधीचीच असते.

जुन्या नाशिकच्या वाड्यांतून पाणी तापवायला तांब्याचे बंब असत. ढलप्या, गोवऱ्या, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते त्यात जाई. बंब चौकात, परसात, फार तर मोरीच्या उघड्या कोपऱ्यात असे. तो न्हाणीच्या आत दार लावून कोणी पेटवला नाही, कारण दोन मिनिटांत डोळे चुरचुरले असते आणि खोकून जीव नकोसा झाला असता. कार्बन मोनॉक्साइड त्या बंबातूनही निघत होताच, कदाचित जास्तच निघत असेल. पण धूर माणसाला हाकलून बाहेर काढत असे. गॅसची ज्योत निळी आणि स्वच्छ दिसते, धूर नाही, राख नाही, काजळी नाही, म्हणून आपण विस्तव चार भिंतींच्या आत आणला आणि वर खिडकीही लावून घेतली. इंधन सुधारले हे खरेच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर चुलीचा धूर फुंकून ज्यांनी डोळे घालवले त्यांना गॅस मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी गॅसच्या विरोधात एक अक्षरही लिहिणार नाही. पण धूर गेला म्हणजे विस्तवाला हवा लागायची थांबली, असे होत नाही.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका भाड्याच्या फ्लॅटमधले बाथरूम मी अलीकडेच नीट उभे राहून पाहिले. नातेवाइकांचा मुलगा तिथे आणखी दोघांबरोबर राहतो. तिघेही अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. गिझर नळाच्या बरोबर वर, माणूस स्टुलावर बसला तर डोक्यापासून दीड फुटावर. वरच्या भोकांभोवती टाइलवर तपकिरी-काळा पट्टा उठलेला. समोर हातभर रुंदीची काचेच्या पट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीत पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडणारी. डासांसाठी तिला बारीक जाळी ठोकलेली, जाळीवर साबणाच्या वाफेने आणि धुळीने थर धरलेला, आणि थंडी येते म्हणून आतून थर्माकोलचा तुकडा बसवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. डक्टच्या वर गच्चीवर कोणीतरी फायबरचा पत्रा टाकून पाऊस अडवला होता. म्हणजे ती खिडकी उघडली असती तरी हवा यायची कुठून? सिलिंडर बाहेर पॅसेजमध्ये, आणि दाराची चौकट कोरून नळी आत घेतलेली. मुलांना विचारले, त्रास होतो का? एक जण म्हणाला, “काका, अंघोळ झाली की डोकं जड होतं, कधी उलटीसारखं होतं. पण मला पित्ताचा त्रास आहेच.”

ते पित्त नव्हते. गिझर बंद ठेवून, हिटरच्या पाण्याने आठवडाभर अंघोळ केल्यावर त्याचे डोके दुखायचे थांबले. किती घरांत सकाळची डोकेदुखी अशी पित्ताच्या नावावर खपत असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते. डोकेदुखी आणि मळमळ अंघोळीनंतरच येत असेल, घराबाहेर पडल्यावर तासाभरात कमी होत असेल, घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी होत असेल, तर गोळी घेण्याआधी गिझरकडे बघा. गरोदर बाईच्या बाबतीत तर जराही चालढकल नको. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आईपेक्षाही घट्ट धरून ठेवते.

त्या फ्लॅटचा गिझर ज्याने बसवला त्या फिटरशी मी बोललो. भला माणूस आहे. तो म्हणाला, “काका, गरम-गार पाण्याचे पॉइंट बिल्डरने आतच काढलेत. बाहेर बसवायचं तर टाइल फोडावी लागते, पाइप वाढतो, मालक पैसे देत नाही. सगळे आतच लावतात.” मला त्याचे म्हणणे खोटे वाटत नाही, आणि सगळा प्रश्न त्याच्या या तीन-चार वाक्यांत आला आहे. गिझरबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकात मोकळ्या हवेच्या जागी बसवा असे लिहिलेले असते. ते पत्रक खोक्यातच राहते. पॉइंट काढणारा इमारत बांधून मोकळा झालेला असतो. दुकानदार यंत्र विकतो, फिटर सांगितले तिथे ठोकतो, मालक भाडे घेतो, आणि या सगळ्यांच्या निर्णयांचा परिणाम आत कडी लावून बसलेल्या माणसाच्या छातीत जातो. त्याने या साखळीत एकही निर्णय घेतलेला नसतो. भाडेकरूला तर खिळा ठोकायलाही विचारावे लागते.

म्हणून ‘लोकांनी जागरूक व्हावे’ एवढ्यावर थांबणे मला मान्य नाही. विजेच्या बाबतीत आपण तिथे थांबलो नाही. घराचे वायरिंग परवानाधारक ठेकेदाराने करावे लागते, त्याशिवाय मीटर मिळत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा सक्तीची आहे त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ती चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. लिफ्टची तपासणी होते. गॅस एजन्सीचा माणूस येऊन शेगडी, नळी, रेग्युलेटर बघून जातो. मग पाच-सहा बर्नरएवढी आग बंद खोलीत लावणारे यंत्र तेवढे कोणाच्याच वहीत का नसावे?

बाहेर काय चालते तेही बघू. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी बाथरूममध्ये खोलीतली हवा वापरणारे गॅसचे उपकरण बसवायलाच बंदी केली. बसवायचे तर त्याची हवा बाहेरून यावी, धूर बाहेर जावा आणि खोलीशी त्याचा संबंध नसावा, अशा बंद बनावटीचेच चालते. घरमालकाला दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून गॅसच्या उपकरणांची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात जिथे पक्के बसवलेले इंधनाचे उपकरण आहे त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झाला. स्वयंपाकाची शेगडी तेवढी वगळली आहे. तिथल्या नियमाची जशीच्या तशी नक्कल करा असे माझे म्हणणे नाही. पण जबाबदारी कोणावर टाकली आहे ते पाहा. मालकावर आणि बसवणाऱ्यावर.

आपल्याकडे याची सुरुवात करायला नवे खाते काढायची गरज नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या कराराला शेवटी एक यादी जोडलेली असते: पंखे चार, ट्यूबलाइट पाच, गिझर एक. भाडेकरूने मोडतोड केली तर डिपॉझिटमधून कापता यावे म्हणून गिझर मोजला जातो. त्याच ओळीत तो कुठल्या प्रकारचा आहे आणि कुठे बसवला आहे हे लिहिणे सक्तीचे केले, आणि गॅसचा गिझर आत असेल तर करार नोंदवलाच जाणार नाही असे ठरवले, तर भाड्याच्या निम्म्याहून जास्त घरांचा प्रश्न दोन-तीन वर्षांत सुटेल, असा माझा अंदाज आहे. अकरा महिन्यांचे करार असतात. प्रत्येक नूतनीकरण ही आपोआप होणारी तपासणी ठरेल.

नव्या इमारतींसाठी बांधकामाची एकत्रित नियमावली राज्याची आहे, तेव्हा तिच्यातली दुरुस्ती राज्याने करायची. पण पूर्णत्वाचा दाखला महापालिका देते. गरम पाण्याचा एक पॉइंट ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर काढला आहे का, एवढे बघायला अभियंत्याला पाच मिनिटे लागतात. बांधताना तो पॉइंट काढण्याचा खर्च नगण्य आहे. टाइल फोडून नंतर काढायचा तर तोच खर्च हजारांत जातो. जुन्या इमारतींसाठी महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांत प्लंबर-फिटरची एक-एक दिवसाची शिबिरे घ्यावीत, शिकलेल्यांची यादी लावावी, आणि पुढे यादीबाहेरच्या माणसाने गॅस गिझर बसवू नये असा नियम करावा. त्या फिटरला कोणी कधी सांगितलेच नव्हते की एक किलो गॅसला बारा घनमीटर हवा लागते. सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, आणि मग त्याने आपणहून विचारले की बाहेर बसवताना वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून काय करायचे. शिकायची तयारी आहे; शिकवणारे हवेत.

२०२७ चा सिंहस्थ आता समोर आहे. पंचवटीत, त्र्यंबकेश्वरला, नाशिकरोडला कितीतरी घरमालक खोल्या रंगवून घेत आहेत, मागच्या बाजूला पत्र्याची न्हाणी वाढवत आहेत, भाविकांसाठी गरम पाण्याची सोय म्हणून गिझर विकत घेत आहेत. एकेका खोलीत सात-आठ माणसे उतरणार, पहाटेच्या स्नानाला जाण्याआधी आणि आल्यावर अंघोळी होणार, सलग, दार लावून. पावसाळ्याच्या दिवसांतली पर्वणी म्हणजे खिडक्याही लावलेल्याच. घरगुती निवासाला परवानगी देताना शौचालय बघतात, पार्किंग बघतात. गिझरही बघावा. परगावाहून आलेल्या माणसाला त्या खिडकीमागे पत्रा टाकलेला आहे हे कळायला काही मार्ग नसतो.

आता खर्चाचा मुद्दा, कारण तो खरा आहे आणि टाळून चालणार नाही. लोक गॅस गिझर हौसेने घेत नाहीत. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला विजेचे अर्धे युनिट ओलांडते, ०.६ च्या जवळ जाते. युनिटला दहा रुपये धरले तर सहा रुपये. तेवढेच पाणी गॅसवर तापवायला ५५-६० ग्रॅम एलपीजी लागतो, १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशे-नऊशेला धरला तर साडेतीन रुपये. एका बादलीमागे अडीच रुपये वाचतात. चौघांच्या घरात महिन्याला तीनशे रुपये. पंधरा-वीस हजारांत घर चालवणाऱ्याला तीनशे रुपये म्हणजे मुलाची वह्या-पुस्तके. शिवाय लोड कमी असलेल्या मीटरवर मोठा विजेचा गिझर चालत नाही, आणि पहाटे वीज गेली की अडचण. म्हणून मी गॅस गिझरवरच बंदी मागत नाही. यंत्र तेच ठेवा, बचत तीच ठेवा, फक्त ते भिंतीच्या पलीकडे न्या. चार-सहा फूट पाइप, भिंतीला एक भोक आणि फिटरची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढ्यावर काम होते. हा खर्च मालकाचा असावा, कारण घर त्याचे आहे आणि पाइप भिंतीत कायम राहणार आहे.

बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. ड्राय बाल्कनीला सगळीकडून स्लायडिंग काचा लावून तिची खोली केली असेल तर तिथे बसवून उपयोग नाही. डक्टमध्ये, वरच्या मजल्याच्या बाथरूमच्या खिडकीखाली बसवला तर आपला धूर वरच्यांच्या घरात जातो.

एक्झॉस्ट फॅन लावला की झाले, असे बरेच जण सांगतात. फॅन हवा बाहेर फेकतो; पण आत हवा यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो, आणि वाट नेमकी आपणच बुजवलेली असते. दाराला खाली जाळी, वर खिडकी कायम उघडी आणि फॅन, एवढे सगळे रोज न चुकता पाळले तर धोका घटतो हे मान्य. पण डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की ओल्या अंगाने उघड्या खिडकीसमोर कोण बसेल? ज्या उपायासाठी माणसाला रोज थंडी सोसावी लागते तो उपाय पहिल्या गारठ्यात मोडतो. पाइपचा गॅस आता शहराच्या बऱ्याच भागांत आला आहे आणि तो सुरक्षित, असाही समज ऐकू येतो. गळतीच्या बाबतीत त्याचा फायदा आहे, कारण नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जातो. पण हवा कमी पडली की तोही कार्बन मोनॉक्साइडच तयार करतो.

अलार्म घ्यावा का? जरूर घ्यावा, दोन-चार हजारांत मिळतो. पण एलपीजी गळती सांगणारे यंत्र वेगळे आणि कार्बन मोनॉक्साइडचे वेगळे. खरेदी करताना ही गल्लत फार होते. एलपीजी जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून ते यंत्र खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, म्हणून हे यंत्र माणसाच्या नाकाच्या उंचीवर, झोपण्या-बसण्याच्या खोलीत हवे. बाथरूमच्या वाफेत ते बिघडते. म्हणजे आत बसवलेल्या गिझरवर अलार्म हा उताराच नाही.

या मृत्यूंची नोंद कशी होते, तेही बदलायला हवे. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि २०२४ च्या जुलैपासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. पंचनाम्यात गिझर बाथरूमच्या आत होता का, खिडकीची स्थिती काय होती, कोणी आणि कधी बसवला, हे तीन प्रश्न ठरलेले असावेत. शवविच्छेदनात रक्तातले कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन, तपासले जावे. नाहीतर धडधाकट माणूस बाथरूममध्ये गेला की हृदयविकार म्हणून मान डोलावली जाते आणि त्याच घरात, त्याच भिंतीवर, तोच गिझर पुढच्या भाडेकरूची वाट बघत राहतो. मेंदूविकार तज्ज्ञांनी भारतातल्या रुग्णांबद्दल लिहून ठेवले आहे की बाथरूममध्ये झटका येऊन पडलेल्यांना अपस्माराची औषधे सुरू झाली आणि कारण पुढे गिझर निघाले. अशा माणसाने वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खाणे हा केवढा अन्याय आहे.

दवाखान्यात नेतानाही एक वाक्य जीव वाचवू शकते: “गॅस गिझर चालू होता.” बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८-९९ दिसतो. सांगितले तरच डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी करतील आणि आकडा चांगला असूनही मास्कने शंभर टक्के प्राणवायू देतील. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शंभर टक्के प्राणवायूवर तासा-दीड तासात निम्मा होतो. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरीही आणू नये. काही जणांत विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे, स्वभावात बदल हे दोन-चार आठवड्यांनी दिसायला लागते. आणि दार तोडून आत जाणाऱ्याने आधी गिझर बंद करावा, श्वास रोखून माणसाला बाहेर ओढावे, उपचार मोकळ्या हवेत करावेत आणि १०८ ला फोन लावावा. वाचवायला गेलेला तिथेच कोसळतो, असेही होते.

गिझर हे या वायूचे एकच दार नाही. सोसायटीच्या गेटवर पत्र्याच्या केबिनमध्ये रात्री घमेल्यात निखारे घेऊन बसणारा वॉचमन, द्राक्षबागेच्या शेडमध्ये शेगडी आत घेऊन झोपणारे मजूर, शटर अर्धे ओढून जनरेटर चालवणारा दुकानदार, सगळ्यांना तोच धोका आहे. कोळशाचा निखारा धूर देत नाही तेव्हाच तो जास्त निर्धास्त करतो. सोसायट्यांनी वॉचमनला विजेचा छोटा हिटर आणि एक जाड रग द्यावा. त्याला रात्रभर थंडीत बसवून कोळसा पेटवू नको एवढेच सांगणे क्रूरपणाचे होईल.

नियम व्हायला वेळ लागेल. तोवर ज्यांचा गिझर आतच आहे आणि मालक ऐकत नाही, त्यांनी एक गोष्ट आजपासून करावी. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून आधी बादली भरून घ्यावी, सगळ्यांच्या बादल्यांच्या वेळी हेच करावे, गिझर बंद करावा, दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मग आत जाऊन कडी लावावी. पाणी कमी पडले तर बाहेरून हाक मारून मागून घ्यावे, पण दार लावलेले असताना गिझर पुन्हा चालू करू नये. शॉवर, गिझर भिंतीपलीकडे जाईपर्यंत, बंदच ठेवावा. आणि मालकाला तोंडी न सांगता लेखी कळवावे, व्हॉट्सॲपवर का होईना, गिझरचा आणि खिडकीचा फोटो जोडून, तारखेसह.